पायरीवरचा नारळ

मोटर गेली तेव्हा मे महिना मध्यावर आला होता आणि बावखलातलं पाणी चिखलाचा वास येईपर्यंत खाली उतरलं होतं. वाडीच्या मधोमध खणलेलं गोड्या पाण्याचं हे तळं. त्यावर आजूबाजूच्या पाच घरांची मिळून एक मोटर. कुणीतरी ती जागेवरच फोडली, आतलं तांबं काढून नेलं आणि लोखंडी सांगाडा तेवढा काठावर टाकून दिला. तेव्हापासून पाची घरं कळश्या घेऊन पायऱ्या उतरत होती आणि एकमेकांकडे बघत होती.

तुळशीदास राऊतची बायको मालन चाफ्याखाली टोपली धरून उभी होती. सूर्य अजून माडांच्या मागेच होता. उन्नती झाडावर होती.

"वरच्या फांदीला हात नको लावू. चाफा लय ठिसूळ."

"काकी, दोन वर्षं झाली चढतेय. अजून पडले का?"

"पडशील तेव्हा बोलशील."

"पडले तर खाली टोपली आहेच की."

मालन हसली नाही, पण टोपली थोडी पुढे सरकवली.

उन्नती सोळा वर्षांची. हे नाव अनाथ मुलांच्या संस्थेनं ठेवलेलं. तिथं अशीच नावं ठेवतात. प्रगती, उन्नती, आशा. पोरींची होवो न होवो, नावाची तरी व्हावी. आई कुठल्याशा पुलाखाली मेली, बाप नव्हताच. बाल कल्याण समितीनं दोन वर्षांपूर्वी तिला राऊतांच्या घरी ठेवलं. दत्तक नव्हे, सांभाळायला. नवरा-बायकोला मूल नव्हतं. गावानं विचारलं, सरकार पैसे देतं म्हणून आणली का? कुणी म्हणालं, फुकटची कामवाली. खरं सांगायचं तर तुळशीदासचे गुडघे गेले होते आणि चाफ्यावर चढायला हलकं माणूस हवं होतं. घरात पोर हवं होतं हेही तितकंच खरं. यातलं आधी काय होतं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही. बाजारात फुलं पोचायची घाई असलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही.

तुळशीदास बावखलातून कळशी घेऊन वर आला. बुंध्याशी पाणी ओतलं. जमिनीनं ते गिळलं आणि काहीच झालं नाही असं दाखवलं.

"विलासनं संध्याकाळी बोलावलंय," तो म्हणाला. "भंगारवाल्याकडच्या कॅमेऱ्यात काय ते सापडलंय."

झाडावरचा हात थांबला.

"काय गं?" मालननं वर बघितलं.

"काय नाय," उन्नती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं अर्ध्या कळ्या फांदीवरच सोडल्या.

विलास तुळशीदासचा चुलत भाऊ. पाण्याच्या पाळ्या तोच ठरवायचा. एव्हरशाईन सिटीत त्याचा एक फ्लॅट भाड्यानं दिलेला होता, म्हणून त्याचं बोलणं जरा वरच्या मजल्यावरून यायचं. त्यानं ओटीवर सगळ्यांना मोबाईल दाखवला. फुलपाड्यातलं भंगाराचं दुकान. बाहेर स्कूटर. स्कूटरवर हेल्मेट घातलेला पोरगा, पाठमोरा. आणि दोन्ही हातांनी गोणी उचलून आत जाणारी उन्नती. तिचं तोंड स्वच्छ दिसत होतं.

स्कूटर सगळ्यांनी ओळखली. सीटला पिवळी चिकटपट्टी लावलेली गावात एकच होती. ती विलासचा मुलगा धवल चालवायचा. धवल त्या वेळी आतल्या खोलीत होता, दाराखालून त्याच्या चपला दिसत होत्या.

स्कूटरचं नाव कुणी काढलं नाही.

"पोरगी कोनाची, ते काय सांगायला नको," विलास म्हणाला.

घरी येऊन उन्नती पडवीत बसली. तिच्या गुडघ्यावर चाफ्याच्या सालीनं ओरखडे होते, ती तेच नखानं खरवडत राहिली.

"मी फुलांचे पुडे घेऊन फुलपाड्याला निघाले होते. धवल म्हणाला, बस, सोडतो. पायाशी गोणी होती. मी विचारलं, काय आहे? तर बोलला, भंगार. तिथं गेल्यावर म्हणाला, तू आत दे, माझं त्याच्याशी वाजलंय. मी दिली."

"आनि मग मोटर गेली म्हनून गावभर बोंब झाली, तेव्हा नाय कळलं तुला?" मालननं विचारलं.

"कळलं."

"मग तोंड का नाय उघडलंस?"

"तो बोलला, तुझं नाव आलं तर तुला परत होममध्ये टाकतील. माझं काय, मला बाप आहे."

मालननं तुळशीदासकडे बघितलं. तो तंबाखू मळत होता. मळून झाली तरी मळतच होता.

"उद्या देवळात नारळ ठेवनार आहेत," तो म्हणाला.

गावात ही रीत जुनी. काही चोरीला गेलं, कुणी कुणाचं नुकसान केलं, की गावदेवीच्या पायरीवर नारळ ठेवायचा. ज्यानं केलं त्यानं पुढं होऊन उचलायचा. बाकीच्यांनी त्या वेळी माना खाली घालायच्या. मग तो नारळ फोडून सगळ्यांनी खायचा आणि त्या गोष्टीचा पुन्हा शब्द काढायचा नाही. घरात नाही, भांडणात नाही, दारू पिऊनसुद्धा नाही. आणि ठेवलेल्या नारळाला, करणाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दोन वर्षांपूर्वी गावातल्याच मयूरनं देवळाची दानपेटी फोडली होती. त्यानं नारळ उचलला. आज तो पोलीस भरतीसाठी रोज सकाळी मैदानावर धावतो आणि गाव त्याला शाब्बास म्हणतं.

"धवल उचलंल?" मालननं विचारलं.

"विलास उचलू देईल होय त्याला? पोराचं लग्न ठरवायचंय."

"मग?"

तुळशीदासनं तंबाखू ओठात ठेवली. "हिनं उचलावा."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"ऐक तरी. हिचं काय जातंय? वाकायचं, उचलायचं. नारळ फुटला की विषय संपला. विलासचा मान ऱ्हाईल, पानी ऱ्हाईल." मग त्याचा आवाज खाली आला, आणि त्या आवाजात खरोखर माया होती. "आनि बाहेरच्याला नारळ उचलू देतात का कधी? गेल्या साली परप्रांती गडी चोरीत सापडला, त्याला बडवून हाकलला. हिला उचलू देतायत म्हंजे गावची मानतायत. आपन मेल्यावर हिला इथं कोन विचारनार? हा नारळ उचलला की गावची झाली ती."

मालनला ते पटलं. हेच वाईट झालं, की तिलाही पटलं.

उन्नतीनं ओरखडा खरवडणं थांबवलं. "काका, पण मी चोरलं नाय ना."

"ठाऊक हाय मला."

"मग कोणाला ठाऊक नाय?"

"सगळ्यांना ठाऊक हाय गं. म्हनून तर सोपं हाय."

दुसऱ्या दिवशी देवळापुढं माणसं जमली. पायरीवर शेंडी असलेला नारळ. सगळ्यांनी माना खाली घातल्या. धवलनं तर इतकी घातली की त्याला आपल्याच मोबाईलचा पडदा दिसत असावा. उन्नती हलली नाही. तिनं मागं वळून तुळशीदासकडे बघितलं.

"उचल गं," तो हळूच म्हणाला. "झाडं खोळंबलीत."

तिनं उचलला.

नारळ फुटला. गोड निघाला. विलासनं स्वतःच्या हातानं तिला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि म्हणाला, "संपलं हां बाय." मयूरनं शहाळ्यासारखं पाणी पिऊन ढेकर दिली. तुळशीदासला त्या संध्याकाळी गुडघे दुखल्याचं आठवलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी गाडी आली. दोन बायका उतरल्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. मुलीला आणायला जाताना वर्दी नको, असं कायदा सांगतो. त्यांनी कायदा पाळला होता. गाडीवर मात्र मोठ्या अक्षरांत पोलीस लिहिलं होतं आणि ती गावाच्या मुख्य रस्त्यानं आली होती.

उन्नती झाडावर होती. तिला खाली उतरायला सांगितलं. ती उतरली ती वरच्या फांदीवरून, फांदी काडकन मोडली, गुडघा सोलला. दोघींपैकी एकीनं आपला रुमाल दिला. "बांध," ती म्हणाली, "नाहीतर आमच्यावर येईल."

तुळशीदास धावतपळत विलासच्या ओटीवर गेला. धाप लागली होती.

"नारळ... नारळ खाल्ला ना रे आपन."

विलास दाढी करत होता. आरशातूनच बोलला. "दादा, नवीन मोटरला सबसिडी पायजे. त्याला पोलिसांत तक्रार लागते. तक्रारीत नाव लागतं. आता काय पोराचं नाव देऊ?"

"हिचं दिलंस?"

"हिनं सगळ्यांसमोर कबूल केलंय. आनि दादा, ती सरकारचीच ना? सरकार बघून घेईल तिचं. आपल्यातल्या पोराचा जन्म वाया जायचा."

"नारळ उचललान तिनं. गावची..."

"नारळ गावच्या पोरांसाठी असतो," विलास म्हणाला आणि गालावरचा फेस पुसला. "ती गावची कधी झाली?"

सुनावणीच्या पहिल्या तारखेला बाल न्याय मंडळापुढं साधं टेबल होतं, पंखा होता, भिंतीवर मुलांनी काढलेलं सूर्याचं चित्र होतं. मॅजिस्ट्रेट बाईंचा आवाज मऊ होता. त्यांना त्या दिवशी अजून बरीच पोरं बघायची होती. उन्नती रुमाल बांधलेला गुडघा झाकून बसली होती.

"तुम्ही सांभाळ करणारे पालक ना? मुलीनं गावासमोर चोरी कबूल केली, असं साक्षीदार म्हणतात. तुम्ही तिथं होता?"

"होतो."

"तिनं कबूल केलं?"

आदल्या दिवशी विलास येऊन गेला होता. दादा, तिथं धवलचं नाव काढू नकोस, नवी मोटर आली की पहिली पाळी तुझी. तुळशीदासला समोर बाई दिसत होत्या आणि बाईंच्या मागे वाळत चाललेली चाफ्याची रांग.

"नारळ उचलला," तो म्हणाला.

"म्हणजे कबूल केलं."

"हो."

उन्नतीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती भिंतीवरच्या सूर्याकडे बघत होती.

आईबापांच्या ताब्यात द्यायची तर ती कुणाची? घरात ठेवायची की नाही हे समितीनं ठरवायचं. समितीचं उत्तर येईपर्यंत तिला मुलींच्या निरीक्षणगृहात पाठवलं. कागदावर सगळं बरोबर होतं.

तिथं मालन डबा घेऊन गेली. डबा आत घेऊ दिला नाही. उन्नतीचे केस कुणीतरी घट्ट तेल लावून बांधले होते, त्यानं तिचे डोळे ओढल्यासारखे दिसत होते.

"जेवतेस का?"

"देतात."

"गुडघा?"

"सुकला."

मालननं डबा मांडीवर घेतला.

"काकी, माझ्यासोबत एक पोरगी आली होती," उन्नती म्हणाली. "तिनं वर्गातल्या मुलीच्या हातावर ब्लेड मारलं. तिचे आईबाप आले, रडले, घेऊन गेले. त्याच दिवशी. मला विचारतात, तुझं कोण? मी सांगते, काका-काकी. तर लिहितात, कोणी नाही."

मालननं डब्याचं झाकण घट्ट केलं. ते घट्टच होतं.

"काका 'हो' बोलले," उन्नती म्हणाली. "खोटं नाय बोलले. उचलला होता मी."

येताना मालननं बोळिंजच्या बाजारातून नारळ घेतला. घरी गेली नाही. तशीच, डबा काखेत धरून, गावदेवीच्या देवळात गेली. संध्याकाळच्या आरतीला माणसं होती. तिनं नारळ पायरीवर ठेवला. चपला काढायचंही राहून गेलं.

"मोटर ज्यानं फोडली त्यानं उचलायचा," ती म्हणाली. "मी ठेवलाय."

घंटा वाजवणारा हात थांबला. विलास पुढं आला.

"वहिनी, त्याचा निकाल लागलाय. नारळ खाल्लाय गावानं."

"खाल्लात ना? मग पोलिसांत कशाला ओकलात?"

"बायकांनी नारळ ठेवायची रीत नाय."

"पोरीनं उचलायची होती? तेव्हा कोन नाय बोललं."

"वहिनी, घरी चला. तमाशा नको."

"भावजी, तुमाला कोन नको म्हनतंय? पुढं व्हा. उचला."

विलासचा हात नारळाकडे गेलाच नाही. त्यानं उचलला असता तर काय अर्थ झाला असता हे अख्ख्या देवळाला ठाऊक होतं. आरती झाली. माणसं नारळाला वळसा घालून उतरली. दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यानं त्याच्या भोवतीनं झाडलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला कुंकू लावलं, म्हणजे तो निदान देवाचा वाटावा.

त्या आठवड्यात मंडळानं पाठवलेल्या परिवीक्षा अधिकारी हेमांगी मॅडम चौकशीला आल्या. तोंडावरचा घाम ओढणीनं टिपत त्यांनी घर बघितलं, उन्नतीची गादी बघितली, वह्या बघितल्या. चहा घेतला नाही, पाणी मागितलं. पाणी पिताना पडवीतल्या रिकाम्या कळश्यांकडे बघत राहिल्या.

"मी प्रामाणिकपणे सांगते," त्या तुळशीदासला म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, घर ठीक आहे. पण घरातला माणूसच म्हणतो तिनं कबूल केलं, तर समिती म्हणणार, मुलीवर तुमचं लक्ष नाही. तिला हलवतील. अठरा वर्षांची होईपर्यंत संस्थेत, मग रस्त्यावर. मी अशा किती बघितल्यात. तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

तुळशीदासनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे बाईंना कळलं नाही.

त्या गेल्यावर मालन त्याच्याशी बोलली नाही. पुढचे काही दिवसही नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, झाडाखाली जायची. आता चाफ्यावर चढायला कुणी नव्हतं. तुळशीदास आकडीनं फांद्या वाकवायचा, निम्म्या कळ्या चिरडायच्या. एका सकाळी तो स्वतः चढायला गेला. पहिल्याच बेचक्यात गुडघा अडकला. वर जाता येईना, खाली येता येईना. मालन खाली टोपली घेऊन उभी. तो तिथं लोंबकळत राहिला, लुंगी वर सरकलेली, बगलेत मुंग्या.

"हात दे ना गं," तो शेवटी म्हणाला.

"तिला कोनी दिला?" मालन म्हणाली. कितीतरी दिवसांतलं तिचं हे पहिलं बोलणं. मग तिनं टोपली खाली ठेवली आणि खांदा पुढं केला.

पुढच्या तारखेला मंडळात तेच टेबल, तोच सूर्य. साक्षीदार म्हणून विलास बाहेर बाकावर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. बाईंनी कागद उलटला.

"हे तर मागच्या वेळी झालंय. कबुली दिली."

"बाई," तुळशीदास उभा राहिला. "मी सांगितलं म्हनून दिली."

"म्हणजे?"

"नारळ उचल म्हनून मीच सांगितलं तिला. ती नाय म्हनत होती. मला वाटलं, गावची होईल." त्यानं दाराकडे बोट केलं. "गोनी आनली धवलनं. स्कूटर त्याची. फिल्लममधे बघा, सीटला पिवळी पट्टी हाय. तो धवल राऊत, माझा पुतन्या. बाहेर बाप बसलाय त्याचा. इचारा."

"हे तुम्ही मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"पान्यासाठी."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

उन्नतीला त्या दिवशी घरी सोडलं. तात्पुरतं. प्रकरण संपलं नव्हतं, तारखा पडणार होत्या, धवलला बोलावणं जाणार होतं, समिती पुन्हा घर बघायला येणार होती. परतताना रिक्षात ती मालनच्या बाजूला बसली, तुळशीदास ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर. गावात शिरताना तिनं ओढणी डोक्यावरून घेतली, मग काढून टाकली.

पाऊस लांबला होता, पण नवी मोटर आली होती. तिचा तुळशीदासच्या वाडीकडे जाणारा पाइप कापून विलासकडे वळवला होता. कापलेल्या तोंडात कुणीतरी चिंधी कोंबली होती. चाफ्याची बांधावरची झाडं वाळून गेली होती. जी जगली होती त्यांना कळशीनं पाणी घालायचं होतं, आणि बावखलाच्या पायऱ्या देवळासमोरून उतरत होत्या.

दुसऱ्या सकाळी तुळशीदास आणि उन्नती कळश्या घेऊन निघाली. देवळाच्या पायरीवर नारळ तसाच होता, कुंकवानं लाल झालेला, शेंडी उंदरांनी कुरतडलेली. गावदेवीचा उत्सव तोंडावर आला होता आणि पायरी अडलेली असताना पालखी उतरवता येत नव्हती. विलास, पुजारी आणि आणखी चार-पाच जण तिथंच उभे होते. मयूर नुकताच धावून आलेला, घामानं भिजलेला. धवल खांबाला टेकून.

"ये बाय," विलास म्हणाला. आवाजात साखर होती. "आलीस ना घरी? बरं झालं. आता एवढा उचल. एकदा उचललायस, अजून एकदा. देवीचं काम हाय."

उन्नती थांबली.

"गावचीच ना तू," विलास म्हणाला. "दादा, सांग तिला. पाइप आजच जोडून देतो."

उन्नतीनं मागं वळून तुळशीदासकडे बघितलं. तसंच, त्या दिवशी बघितलं होतं तसं. तुळशीदासच्या हातातली कळशी रिकामी होती, तरी तिनं त्याचा खांदा खाली ओढला होता. त्यानं धवलकडे बघितलं. धवलनं मान खाली घातली, पण या वेळी त्याच्या हातात मोबाईल नव्हता.

"चल गं," तुळशीदास म्हणाला. "झाडं खोळंबलीत."

ती पायऱ्या उतरायला लागली. तो मागून उतरला, एकेक पायरी, गुडघा धरून. चिखलाच्या वरचं पाणी तेवढं कळशीत यावं म्हणून तिनं हात पुढं लांबवला. वर देवळात नारळ होता तिथंच होता.